ग्वाल्हेरच्या लष्करात वाढताना

माणसाची ओळख जन्मासोबत पूर्ण होऊन येत नाही. नाव, आडनाव, जात, धर्म, भाषा, मुलगा की मुलगी, हे सारे मूल बोलायला लागण्याआधीच मोठ्यांनी ठरवलेले असते. ‘मी कोण’ हा प्रश्न मात्र ते स्वतः विचारू लागते बाराव्या-तेराव्या वर्षापासून पुढे. जागतिक आरोग्य संघटना १० ते १९ या वयाला किशोरावस्था म्हणते. या वर्षांत शरीर झपाट्याने बदलते आणि घरापेक्षा मित्रांचे मत मोठे वाटू लागते. आजवर बिनतक्रार मिरवलेली नावे एकाएकी नकोशी होतात, तर काही नावे हट्टाने हवीशी होतात. घरातल्यांना हा उद्धटपणा वाटतो. बहुतेक वेळा ते त्या वयाचे कामच असते.

या कामाला शास्त्रीय चर्चेत जागा मिळवून दिली एरिक एरिक्सन या मनोविश्लेषकाने. १९५० साली ‘चाइल्डहुड अँड सोसायटी’ या ग्रंथात त्याने आयुष्याचे आठ टप्पे मांडले. त्यांतल्या पाचव्या, म्हणजे किशोरवयाच्या, टप्प्याचे मुख्य काम स्वतःची ओळख घडवणे हे आहे असे त्याने सांगितले. या सिद्धांतामागे त्याचे स्वतःचे बालपण होते. १९०२ साली जर्मनीत जन्मलेल्या एरिकची आई डॅनिश ज्यू होती. जन्मदाता कोण, हे त्याला आयुष्यभर कळले नाही. सावत्र वडील होम्बुर्गर हे ज्यू डॉक्टर. सोनेरी केसांच्या आणि निळ्या डोळ्यांच्या या मुलाला शाळेत ज्यू म्हणून हिणवत आणि प्रार्थनामंदिरात ज्यूंची मुले त्याला परका समजत. शाळा संपल्यावर काही वर्षे तो चित्रकार म्हणून युरोपात भटकत राहिला. पुढे अमेरिकेचा नागरिक होताना त्याने ‘एरिक्सन’, म्हणजे एरिकचा मुलगा, हे आडनाव स्वतःच निवडले.

जेम्स मार्सिया या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली हा विचार पुढे नेला. किशोरवयीन मुले चार अवस्थांत आढळतात असे त्याने मांडले. काहींनी शोधही घेतलेला नसतो आणि काही ठरवलेलेही नसते. काहींनी शोध न घेताच घराने दिलेली ओळख जशीच्या तशी स्वीकारलेली असते. काही शोधात असतात, निर्णय व्हायचा असतो. आणि काही जण शोधाअंती स्वतःच्या निर्णयाशी पोचलेले असतात. आईवडिलांना यांतली दुसरी अवस्था फार सोयीची वाटते, कारण असे मूल शांत, आज्ञाधारक आणि ठरल्या वाटेवरचे असते. तिसऱ्या अवस्थेतले मूल घर ढवळून काढते. तरीही चौथ्या अवस्थेकडे जाण्याची वाट या तिसऱ्या, अस्वस्थ अवस्थेतूनच जाते. मुलाला आधार देणे म्हणजे त्याच्या हाती तयार उत्तर ठेवणे नव्हे. ‘अजून ठरलेले नाही’ असे म्हणायला घरात जागा असणे, हा खरा आधार होय.

छावणीचे शहर

एका बाजूने एक शिक्का आणि दुसऱ्या बाजूने दुसरा, हा एरिक्सनचा अनुभव ग्वाल्हेरच्या ‘लष्कर’ या भागातल्या मराठी मुलांना नवा नाही. ग्वाल्हेरात त्यांना ‘दक्षिणी’ किंवा ‘मराठी’ म्हणतात. सुट्टीत पुण्याला किंवा नागपूरला नातेवाइकांकडे गेली, की दुसऱ्या-तिसऱ्या वाक्याला त्यांच्या बोलण्यातली हिंदी पकडली जाते आणि ती ‘तिकडची’ ठरतात.

या पेचाची मुळे शहराच्या जन्मात आहेत. दौलतराव शिंदे यांनी १८१० च्या सुमारास ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या दक्षिणेला आपल्या फौजेचा तळ दिला. हा तळ पुढे उठलाच नाही. तंबूंच्या जागी वाडे आले, बाजार बसले आणि छावणीचे नावच शहराचे नाव झाले. जुने ग्वाल्हेर, लष्कर आणि मुरार अशी तीन गावे मिळून आजचे ग्वाल्हेर झाले आहे. लष्करचा नकाशा अजूनही मराठी आडनावांनी भरलेला आहे: शिंदे की छावनी, फालका बाजार, पाटणकर बाजार, चिटनीस की गोठ. सगळ्यांच्या मध्ये महाराज बाडा. नावे मराठी आणि त्यांना जोडणारा ‘की’ हिंदी, अशी इथली रोजची बोली.

फौजेबरोबर केवळ सरदार आणि चिटणीस आले नाहीत. शिलेदार आणि पायदळातले शिपाई आले, सोबत कारागीर, पुजारी, कीर्तनकार, गवई आणि सेवा करणाऱ्या अनेक जातींची कुटुंबे आली. त्यामुळे बाहेरून ‘मराठी’ हा शिक्का एक दिसला, तरी त्याच्या आत मराठा, ब्राह्मण, कारागीर आणि दलित असे निरनिराळे अनुभव आहेत. सरदाराच्या वाड्यातल्या मुलाला जो शिक्का मानाचा, तोच छावणीच्या कडेला राहणाऱ्या मुलाला उपयोगाचा असेलच असे नाही. ग्वाल्हेरच्या मराठी समाजाबद्दल लिहिताना ही गोष्ट बहुधा गाळली जाते. वाड्यांचा इतिहास लिहिला गेला, कडेच्या घरांचा फारसा लिहिलाच गेला नाही.

संस्थान होते तोवर मराठी ही राज्यकर्त्यांची भाषा होती. १९४८ मध्ये संस्थान मध्यभारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार पुनर्रचनेत मध्यभारत नव्या मध्य प्रदेशात गेला आणि राजधानी भोपाळला आली. ज्या तत्त्वाने पुढे १९६० मध्ये मराठी भाषकांचे महाराष्ट्र राज्य झाले, त्याच तत्त्वाने लष्करातली मराठी घरे भाषिक अल्पसंख्य ठरली. एका पिढीच्या आत दरबाराची भाषा घराच्या उंबरठ्याआतली भाषा झाली. सातव्या घटनादुरुस्तीने १९५६ मध्येच ३५० (क) हे कलम आणले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्यांनी करावी, असे ते सांगते. कलम आहे, पण वर्गात मराठी नसेल तर मुलाची मराठी आजीच्या बोलण्यावर, देवघरातल्या आरतीवर आणि गणेशोत्सवातल्या नाटकावर तगून राहते.

जनगणनेचा तक्ताही असाच एका चौकटीत बसवणारा आहे. त्यात मातृभाषेसाठी एकच उत्तर घेतले जाते आणि येणाऱ्या इतर भाषा त्यानंतर क्रमाने लिहिल्या जातात. २०११ च्या जनगणनेत मध्य प्रदेशात मराठी मातृभाषा सांगणारे सुमारे बारा लाख, म्हणजे लोकसंख्येच्या पावणेदोन टक्क्यांच्या आसपास होते. त्यांतले बरेचसे महाराष्ट्राला लागून असलेल्या जिल्ह्यांतले. आईशी मराठी, भावाशी हिंदी आणि अभ्यासाच्या वहीत इंग्रजी वापरणाऱ्या लष्करातल्या मुलीची खरी भाषा कोणती, हे एका रकान्यात मावत नाही. रकाना भरणारा बहुधा घरातला मोठा माणूस असतो, म्हणजे तिच्या वतीने उत्तर आधीच दिले गेलेले असते.

तरीही या शहरात भाषांची सरमिसळ कमीपणाची मानली गेलेली नाही, आणि ही त्याची मोठी शिदोरी आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन ग्वाल्हेरला दोनदा भरले. १९२८ मध्ये माधव श्रीहरी अणे अध्यक्ष होते. १९६१ मध्ये कुसुमावती देशपांडे अध्यक्ष झाल्या, आणि संमेलनाच्या अध्यक्षपदी आलेल्या त्या पहिल्या स्त्री. दाल बाजारातल्या नाट्यमंदिरात मराठी आणि हिंदी अशी दोन्ही नाटके होत आली. लष्करातल्या ढोलीबुवांच्या मठाची परंपरा मराठी नाथपंथी आणि कथेची भाषा हिंदी. दरवर्षी तानसेन समारोहाच्या पहिल्या सकाळी हजिऱ्याला तानसेनच्या समाधीपाशी शहनाई वाजते, ढोलीबुवांची हरिकथा होते आणि मीलादही होतो. इथल्या मुलांना ‘एकाच वेळी अनेक’ असण्याचा धडा शाळेत मिळत नसेल, तरी गावात मिळतो.

मुक्तिबोधांचे घर

या पेचाचे सर्वांत खोल उदाहरण ग्वाल्हेर संस्थानातल्याच एका घरात सापडते. हिंदी कवी गजानन माधव मुक्तिबोधांचे पूर्वज जळगावकडून ग्वाल्हेर संस्थानात आले. माधवराव मुक्तिबोध संस्थानच्या पोलीस खात्यात होते, कडक आणि प्रामाणिक अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्या पत्नी पार्वतीबाई ईसागढकडच्या, हिंदी मुलखात वाढलेल्या. त्यांच्या वाचनात हरि नारायण आपटे होते आणि प्रेमचंदही होते. थोरला मुलगा गजानन १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूरला जन्मला. आधीची मुले दगावलेली असल्याने तो घरात फार लाडात वाढला.

वडिलांच्या बदल्यांमुळे गजाननाच्या शाळा वरचेवर बदलत राहिल्या. १९३० मध्ये उज्जैनला मिडलच्या परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा तो तेरा वर्षांचाही नव्हता. पोलीस अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलाला हा घाव साधा नव्हता. ही आपल्या आयुष्यातली पहिली महत्त्वाची घटना, असे पुढे तो मानत असे. पुढच्या वर्षी तो पास झाला. उज्जैनच्या माधव महाविद्यालयात आल्यावर, १९३५ च्या सुमारास, त्याने कविता लिहायला घेतल्या आणि त्या हिंदीत लिहिल्या. सुरुवातीच्या काही कविता खांडव्याहून निघणाऱ्या, माखनलाल चतुर्वेदींच्या ‘कर्मवीर’मध्ये आल्या.

घरात मराठी बोलणाऱ्या मुलाने हिंदीत लिहिणे ही त्या काळी निव्वळ सोयीची गोष्ट नव्हती. महाराष्ट्रातून आलेले घराणे आपली भाषा टाकते आहे, असे म्हणणारे नातलग कोणत्याही काळात असतात. मुक्तिबोधांना हिंदी मिळाली ती आईकडून. प्रेमचंदांची गोडी आपल्याला आईने लावली, असे त्यांनी आपल्या एका लेखाच्या शीर्षकातच म्हटले आहे. एखादी मराठी आई मुलासमोर आपटे आणि प्रेमचंद दोघांनाही आपले म्हणून वाचते, तेव्हा मुलाला दोन्ही वाटा मोकळ्या होतात. उपदेशाने ही गोष्ट साधली नसती.

याच घरातल्या धाकट्या भावाने दुसरी वाट धरली. १९२१ मध्ये जन्मलेले शरच्चंद्र मुक्तिबोध मराठीत लिहू लागले. ‘नवी मळवाट’ आणि ‘यात्रिक’ हे त्यांचे काव्यसंग्रह. ‘क्षिप्रा’, ‘सरहद्द’ आणि ‘जन हे वोळतु जेथें’ या त्यांच्या तीन कादंबऱ्या १९५४ ते १९६९ या काळात आल्या. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथाला १९७९ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मराठी वाचकाच्या दृष्टीने इथे ‘क्षिप्रा’ विशेष महत्त्वाची आहे. क्षिप्रेच्या काठच्या मुलखात वाढणारा बिशू हा मुलगा तिच्या केंद्रस्थानी आहे, आणि तीन कादंबऱ्यांतून तो बालपणातून बाहेर पडत, स्वतःशी आणि समाजाशी झगडत मोठा होतो. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी मुलाचे मन आतून उलगडणारे इतके विस्तृत लेखन मराठीत विरळाच. ते आज क्वचित वाचले जाते, हे मराठीचे नुकसान आहे.

एका आईवडिलांचे दोन मुलगे, एक हिंदीचा मोठा कवी आणि एक मराठीचा महत्त्वाचा कवी-कादंबरीकार. दोघांपैकी कोणी परका झाला नाही. घराने भाषेच्या बाबतीत जी मोकळीक दिली तिचे हे फळ होय. मात्र ती मोकळीक सगळ्या बाबतीत नव्हती. गजानन माधवांनी १९३९ मध्ये शांता यांच्याशी प्रेमविवाह केला, तेव्हा घरच्यांचा विरोध होता. एका प्रश्नात मुलाच्या पाठीशी उभे राहणारे घर दुसऱ्या प्रश्नात त्याच्यासमोर उभे ठाकते. आधार देणाऱ्या घरांचे चित्र रंगवताना हा भाग झाकू नये, कारण बहुतेक घरे अशीच असतात आणि मुलांनाही ते ठाऊक असते.

मुक्तिबोध या वाटेवर एकटे नव्हते. १९४३ मध्ये अज्ञेयांनी संपादित केलेल्या ‘तार सप्तक’ या हिंदी संग्रहातल्या सात कवींपैकी दोघांची मातृभाषा मराठी होती. दुसरे होते प्रभाकर माचवे. तेही १९१७ सालचेच, जन्म ग्वाल्हेरचा. माचवे मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत लिहीत राहिले आणि पुढे साहित्य अकादमीचे सचिव झाले. त्यांच्या एक पिढी आधी भास्कर रामचंद्र तांबे यांनी उलटा प्रवास केला होता. मुंगावलीला जन्मलेले आणि उत्तरेतच वाढलेले तांबे मराठीत लिहीत राहिले. शेवटची वर्षे ग्वाल्हेरचे राजकवी म्हणून काढून १९४१ मध्ये ते तिथेच वारले. मराठी गीतकवितेचा एक मोठा प्रवाह या ‘तिकडच्या’ माणसाने वाहता केला.

घराणे आणि घर

लष्करात ओळखीचा आणखी एक शिक्का मिळे, तो गाण्याचा. ख्यालगायकीचे ग्वाल्हेर घराणे हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांची विद्या वासुदेवबुवा जोशींसारख्या मराठी शिष्यांकडे आली आणि तिथून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमार्फत महाराष्ट्रात पोचली. लष्करातले गवई शंकरराव पंडित यांच्या घरी तर निसार हुसेन खाँ राहत होते. ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद गुरू म्हणून राहतो आणि घरातली मुले त्याच्याकडून शिकतात, ही एकोणिसाव्या शतकातल्या लष्करातली गोष्ट. त्याच घरात १८९३ मध्ये जन्मलेले कृष्णराव शंकर पंडित वडिलांकडून शिकले. १९१४ मध्ये त्यांनी वडिलांच्या नावाने लष्करात गांधर्व महाविद्यालय काढले. त्यांच्या बाबतीत घराने दिलेली ओळख आणि स्वतःची ओळख एकच ठरली. असेही होते, आणि त्यात उणे काही नाही, गाणे मनापासून आपलेसे केलेले असले म्हणजे झाले.

गदगच्या एका शिक्षकाच्या मुलाची वाट मात्र याहून अवघड होती. भीमसेन जोशी १९३३ मध्ये, वयाच्या अकराव्या वर्षी, गुरूच्या शोधात घरातून निघून गेले. अब्दुल करीम खाँ यांच्या ध्वनिमुद्रिकेने त्यांना झपाटले होते. विनातिकीट प्रवास करत, लोकांना गाऊन दाखवत ते ग्वाल्हेरला पोचले. सरोदवादक हाफिज अली खाँ यांच्या मदतीने त्यांना माधव संगीत विद्यालयात प्रवेश मिळाला. १९१८ मध्ये माधवराव शिंदे आणि पंडित भातखंडे यांनी ही संस्था उभी केली होती. ग्वाल्हेरहून पुढे उत्तरेत बरेच भटकून झाल्यावर वडील गुरुराज जोशी यांनी मुलाला जालंधरला गाठले आणि घरी आणले. इथे बहुतेक वडिलांनी मुलाला खोलीत कोंडले असते. गुरुराजांनी गुरू शोधण्यात मुलाला साथ दिली आणि १९३६ मध्ये भीमसेन सवाई गंधर्वांकडे शिकू लागले. ते किराणा घराण्याचे म्हणून ओळखले गेले, पण त्यांच्या गाण्यात इतर घराण्यांतून उचललेले कितीतरी आहे, आणि ते त्यांनी कधी लपवले नाही.

जड शिक्के

भाषेचा किंवा घराण्याचा शिक्का तुलनेने हलका असतो. मुलाने हिंदीत कविता लिहिली म्हणून कोणी त्याला घराबाहेर काढत नाही. जातीचा शिक्का याहून जड, आणि तो बाहेरच्यांनी मारलेला असल्याने मुलाने टाकायचा म्हटला तरी टाकता येत नाही. मुलगा की मुलगी आणि प्रेम कोणावर, या प्रश्नांभोवतीचे शिक्के तर घराच्या आतच बसतात. दलित घरातल्या मुलाला जातीचा अपमान घरी येऊन आईला सांगता येतो, कारण आईनेही तो सोसलेला असतो. ज्या मुलाला आपण समलिंगी आहोत असे वाटते, किंवा ज्या मुलीला ‘मुलगी’ हे नाव अंगाला लागत नाही, त्यांना बहुधा ते घरीच सर्वांत आधी लपवावे लागते.

अशा मुलांना घराच्या आधाराने किती फरक पडतो, याचे मोजमाप झालेले आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या केटलिन रायन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २१ ते २५ वयाच्या २२४ समलिंगी आणि उभयलिंगी तरुणांचा अभ्यास केला आणि तो २००९ मध्ये ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केला. किशोरवयात घरच्यांनी ज्यांना तीव्रपणे नाकारले होते, त्यांच्यात आत्महत्येचा प्रयत्न केल्याचे प्रमाण नाकारले न गेलेल्यांच्या किंवा अगदी कमी नाकारले गेलेल्यांच्या ८.४ पट होते, तर तीव्र नैराश्याचे ५.९ पट. नाकारणे म्हणजे घराबाहेर काढणे एवढेच नव्हे. मित्रांना घरी येऊ न देणे, नातेवाइकांपासून लपवणे, ‘हे वय असेच असते’ म्हणून विषय बंद करणे, हेही त्यात येते. बहुतेक आईवडील हे सारे प्रेमापोटी, मुलाच्या भल्यासाठी म्हणून करतात. म्हणूनच या आकड्यांकडे त्यांचे लक्ष वेधणे गरजेचे आहे.

वैद्यकशास्त्राने आपला जुना शिक्का काढून घेतला त्याला बराच काळ लोटला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १७ मे १९९० रोजी समलैंगिकता रोगांच्या यादीतून वगळली. भारतात अशा मुलांना ‘बरे’ करण्याचे उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन असल्याचे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवले. तरीही मुलाला आधी वैद्याकडे, मग बाबाकडे आणि शेवटी घाईने बोहल्यावर नेणारी घरे संपलेली नाहीत.

मराठीत या प्रश्नाकडे आईच्या बाजूने पाहणारे एक नाटक आहे, चेतन दातार यांचे ‘एक माधवबाग’. आपला मुलगा समलिंगी आहे हे आईला कळते आणि ते समजून घेण्याचा तिचा प्रवास हेच त्या नाटकाचे कथानक आहे. मोना आंबेगावकर यांनी त्याचे एकपात्री प्रयोग ठिकठिकाणी केले. मुलाचे दुःख सांगणारी नाटके पुष्कळ निघतील, पण इथे प्रेक्षागृहातल्या आईला स्वतःची जागा सापडते. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्टच्या कामातून आणि पुस्तकांतून अशा मुलांशी आणि त्यांच्या पालकांशी मराठीत बोलण्याची भाषा घडवली. ‘माती माय’ या चित्रपटाच्या दिग्दर्शिका चित्रा पालेकर एक आई म्हणून या विषयावर जाहीरपणे बोलत आल्या. समलैंगिकता गुन्हा ठरवणारे कलम ३७७ सर्वोच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा देशभरातले १९ पालक आपल्या मुलांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले. २०१३ मध्ये निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने प्रौढांमधले संमतीचे संबंध गुन्ह्यातून वगळले. एवढ्या वर्षांत त्या घरांतली मुले केव्हाच मोठी झाली होती. त्यांच्या किशोरवयात मिळायला हवा होता तो दिलासा पुढच्या मुलांना मिळाला.

लिंगभावाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ च्या निकालात माणसाला स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्यानंतर २०१९ मध्ये ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. या कायद्यातल्या अल्पवयीनांविषयीच्या तरतुदी पालकांनी वाचण्यासारख्या आहेत. ओळखपत्रासाठी अर्ज जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे करायचा आणि मूल अल्पवयीन असेल तर तो आईवडिलांनी किंवा पालकाने करायचा, अशी सोय त्यात ठेवली गेली. कलम १२ ने सांगितले की मूल ट्रान्सजेंडर आहे या कारणावरून त्याला आईवडिलांपासून तोडता येणार नाही. तसे करायचे तर सक्षम न्यायालयाचा, मुलाच्या हिताचा आदेश लागेल. भारतीय परंपरेत अशी मुले घर सोडून हिजड्यांच्या डेऱ्यात गेली आणि तिथे त्यांना गुरू व नवे घर मिळाले, पण जन्माचे घर सुटले. मुलाची जागा आधी त्याच्या जन्मघरात आहे असे कायद्याने म्हणणे ही म्हणून फार मोठी गोष्ट आहे. मात्र अर्ज पालकाच्या हाती ठेवल्याने, पालक साथ देत नसेल तर मुलाला अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते. कायद्याने हक्क दिला आणि त्याची किल्ली घराकडे ठेवली, असा त्याचा अर्थ होतो.

मध्य प्रदेशाला याबाबत एक वेगळा इतिहास आहे. सोहागपूरच्या मतदारांनी २००० मध्ये शबनम मौसी यांना विधानसभेवर पाठवले. भारतात निवडून आलेल्या त्या पहिल्या तृतीयपंथी आमदार मानल्या जातात. मतदारांनी जे केले ते घरांना अजून जड जाते.

घरी बोलणे शक्यच नसेल अशा मुलासाठी काही दारे उघडी आहेत. संकटातल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. मानसिक आरोग्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ पासून ‘टेली मानस’ सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६, सेवा विनामूल्य आणि दिवसरात्र चालणारी. सुमारे वीस भाषांतून ती मिळते. फोन लागल्यावर आधी भाषा निवडायची असते, आणि लष्करातून फोन करणाऱ्या मुलाला त्यात हिंदी आणि मराठी दोन्ही मिळतात.